कुरआनची अरबी, डिचोली ग्रुप: द्विवचन बसलं!

मंडळी, मागे लिहिलं होतं की क्रियापदांचे तक्ते काढले की पोरांचे चेहरे पडतात, तर यावेळी तक्ते कपाटातच ठेवले आणि जी सूरह (कुरआनचा अध्याय) पोरांना आधीच पाठ आहे तिच्यातूनच व्याकरण शोधायला लावलं. आमच्या पोरांची तजवीद (कुरआन शुद्ध उच्चारात वाचणं) छान आहे, मकतबमध्ये (कुरआन शिकायच्या वर्गात) उस्तादांनी घासून घेतलीय, अडतं ते अर्थाशी.

चवथीच्या सुट्टीत सगळी मोकळी होती म्हणून सूरह रहमान घेतली. ७८ आयती (वचनं), त्यात 'फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज़्ज़िबान' ३१ वेळा, झोपेतसुद्धा म्हणतील. विचारलं, यातला 'कुमा' कोण? सगळी गप्प. मग सांगितलं की कुमा म्हणजे तुम्ही दोघं, इथे माणसं आणि जिन्न दोघांनाही विचारलंय की तुमच्या रबच्या कुठल्या कुठल्या नेमती (देणग्या) नाकाराल. शाळेत संस्कृत घेतलेली एक मुलगी पटकन म्हणाली, आपा, हे रामः रामौ रामाः मधल्या रामौ सारखं! अगदी तेच, मराठीत द्विवचन नाही पण संस्कृतवाल्यांना ते आयतंच मिळतं, तिनेच मग बाकीच्यांना समजावलं.

पुढे काम दिलं, या सूरहमध्ये अजून कुठे कुठे 'दोन' लपलेत ते काढा. मश्रिकैन (दोन पूर्व), मग्रिबैन (दोन पश्चिम), बहरैन (दोन समुद्र), यस्जुदान (दोघं माथा टेकतात), ऐनान (दोन झरे), पोरं एकमेकांच्या आधी ओरडायला लागली. सगळ्यात मजा ४६ आणि ५४ व्या आयतीत आली, आधी 'जन्नतान' आणि मग 'जन्नतैन', बागा दोनच, मग शेवट का बदलला? ४६ मध्ये 'दोन बागा आहेत' असं सांगितलंय आणि ५४ मध्ये 'दोन बागांची फळं' हाताशी आलीत, म्हणजे विभक्ती बदलली. एराब (विभक्तीप्रमाणे शब्दाचा शेवट बदलणं) हा शब्द ऐकून घाबरणारी पोरं हे आपणहून बोलली, मला तर भरून आलं खरंच.

धातूंचे, म्हणजे शब्दांच्या मुळांचे, पत्ते पण सुरू केलेत. तीन अक्षरं एका पत्त्यावर, त्यातून शब्द बनवायचे: स-ज-द वरून सजदा, मस्जिद, वर आलेलं यस्जुदान पण त्यातलंच. म लावून जागा होते हे दिसलं की द-र-स वरून मदरसा आणि क-त-ब वरून मकतब पोरं स्वतःच सांगतात, रोज जातात ना तिथे. मौलानांना आधी विचारलं होतं, त्यांनी सुचवलं की पत्त्यांवर पूर्ण आयत नको, सुटे शब्द लिहा, आणि खेळ टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. हे मला फार पटलं, खेळ असला तरी अदब सुटता कामा नये, आणि मोठ्यांनाही मग काळजी राहत नाही.

शुद्ध उच्चार आणि व्याकरण एकाच तासाला घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, मधेच हलक (घशातून येणारे उच्चार) दुरुस्त करत बसलं की अर्थाचा धागा तुटतो.

आता सूरह यूसुफ घेणार. चौथ्या आयतीत स्वप्नातले ११ तारे आहेत, 'अहद अशर कौकबन', तारे अकरा पण शब्द एकवचनी, ११ ते ९९ पर्यंत अरबीत असंच चालतं. गोष्ट पोरांना माहीत आहेच. कुणी यूसुफवरून आकडे शिकवले असतील तर कसं घेतलं ते नक्की लिहा, विशेषतः लहान मुलांना, माझ्याकडे यावेळी आठ-नऊ वर्षांची पण आलीत.