चाळीस फुटीचा नाद

आज कुपवाड एमआयडीसीच्या मागं एक जुना ४० फुटी ट्रेलर बघून आलो. रंग असा ताजा की बोट लावलं तर चिकटेल. मालक म्हणाला, "भाऊ, चेसिसचं लोखंड लई जाड हाय, आयुष्यभर वाकणार नाही." मी म्हटलं, आधी काट्यावर चढवू.

चढवला. मोकळं वजन माझ्या अंदाजापेक्षा दीड टन जास्त! माझा घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन) ४x२, मागं ट्रेलरला तीन अॅक्सल, म्हणजे पासिंग (गाडी, ट्रेलर, माल सगळं मिळून कायद्यानं चालणारं वजन) ४५.५ टन. ते काही वाढत नाही. लोखंड फुकट ओढायचं म्हणजे प्रत्येक खेपेला दीड टनाचं भाडं गेलं.

मग खाली वाकून किंगपिनवरनं, म्हणजे ट्रेलर घोड्याला अडकतो त्या खुंट्यावरनं, हात फिरवला. एका बाजूनं चांगलाच झिजलेला. खालून चेसिसच्या मधल्या वेल्डिंगवर तेवढाच नवा रंग, शेजारी जुना, म्हणजे तिथं जोड दिलेला दिसतोय. तिथंच मन उडालं. (खंबाटकीच्या उतारावर तो जोड आठवत बसायचं का?) आणि ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला पक्का धरणारी कुलपं) नाहीत, म्हणजे न्हावाशेवा बंदराचा कंटेनर विसरा.

बायको म्हणाली, "मग आज नुसतंच डिझेल जाळलंत?" चहा मात्र मालकानंच पाजला. पुढच्या आठवड्यात कराडला दुसरा बघायचाय. कुणाच्या नजरेत हलका, सरळ चेसिसचा असेल तर सांगा.