कमरेवरचा हात

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये, डाव्या कुशीवर किती वेळ पडणार, म्हणून उठून लिहायला बसलेय. आज मोन्तेर्कीला जाऊन आलो. इटलीतलंच, आमच्या फ्लोरेन्सपासून गाडीने पावणेदोन तास, आरेझ्झोच्या पलीकडे, डोंगरावरचं एवढंसं गाव. आई माझ्या बाळंतपणासाठी आलीय त्याला आता पंधरा दिवस झाले, घरात बसून कंटाळली असेल म्हणून नवऱ्याने गाडी काढली, पण खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं. सातवा संपत आला, आता नाही तर मग कधी.

तिथे पिएरो देल्ला फ्रांचेस्का या जुन्या इटालियन चित्रकाराचं भित्तिचित्र आहे, ‘मादोन्ना देल पार्तो’, म्हणजे पोटुशी मेरी, येशूची आई. साधारण १४५५ ते १४६० च्या दरम्यान कधीतरी त्याने ती गावाबाहेरच्या एका छोट्या चर्चच्या भिंतीवर रंगवली. पुढे त्या चर्चचा बराचसा भाग पाडून तिथे कबरस्तान झालं आणि ही बाई शेकडो वर्षं जन्माची वाट बघत मेलेल्यांच्या शेजारी उभी राहिली. आता गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत तिचं म्युझियम आहे. गरोदर बायकांना तिथे तिकीट लागत नाही. काउंटरवरच्या बाईने माझ्या पोटाकडे बघितलं, हसली, आणि नुसतं हातानेच ‘जा आत’ म्हणाली. मला तेवढ्यानेच भरून आलं.

आत अंधारी खोली, काचेमागे ते चित्र. एक तंबू, त्याचे पडदे दोन देवदूतांनी दोन बाजूंना धरून उघडलेत, लग्नात अंतरपाट बाजूला घ्यावा तसे, आणि मधे ती उभी. निळा झगा, पोटावर मधोमध उसवल्यासारखा उघडा, आतलं पांढरं दिसतंय, आणि त्या उघड्या जागेवर तिचा उजवा हात. सिंहासन नाही, हातात पुस्तक नाही. मी आईला सगळं सांगायला लागले, की हे दोन्ही देवदूत एकाच रेखाटनाचे आहेत, ते उलटं करून दुसरा काढलाय, एकाचा अंगरखा हिरवा नि मोजे लाल तर दुसऱ्याचं बरोब्बर उलटं, पिएरो गणिती माणूस होता, पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे सपाट चित्रात खोली कशी दाखवायची त्यावर, पुस्तक लिहिलंय त्याने. आई हं हं करत होती. मग मला थांबवून म्हणाली, "अगं, तिची कंबर भरून आलीय. डावा हात बघ कुठे ठेवलाय."

आई तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर होती, किती बाळंतपणं केली त्याचा हिशोब तिच्याकडे पण नसेल. "आठवा लागून गेलाय. झगा होत नाहीये आता, म्हणून सोडलाय पोटावर. आणि बघ, ती कुणाकडेच बघत नाहीये. आत हललं ना की बाई अशीच बघते."

मी या चित्राबद्दल किती वाचलंय, फोटोत कितीदा बघितलंय, आणि तो कमरेवरचा हात मला नुसती एक रेषा वाटायचा, डौलदार उभं राहण्याची पद्धत. आज आईने म्हटल्यावर बघितलं तर माझा स्वतःचा डावा हात तिथेच होता, अगदी तसाच.

मग मला रडू यायला लागलं आणि थांबेना. गेल्या वर्षी अकराव्या आठवड्यात जे गेलं त्याबद्दल मी कुणाशीच नीट बोलले नाही, आणि या वेळी पहिल्या दिवसापासून नुसती भीती, सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप नाही, बाळाचे कपडेसुद्धा घेऊ दिले नाहीत मी कुणाला. आणि ही समोर उभी होती, देवाची आई असून दमलेली, पापण्या खाली, चेहऱ्यावर आनंद नाही नि दुःखही नाही, नुसती थांबलेली. ती मला ‘सगळं नीट होईल’ असं काहीच म्हणत नव्हती, आणि त्याचाच आधार वाटला. मी ख्रिश्चन नाही, प्रार्थना कशी करतात मला माहीत नाही, पण आज मी चित्र बघत नव्हते एवढं नक्की. देवळात गर्दी ओसरल्यावर गाभाऱ्यासमोर दोन मिनिटं मिळतात ना, तसं काहीतरी होतं ते.

१९५४ साली फ्लोरेन्सला मोठं प्रदर्शन होतं, त्यासाठी हे चित्र मागितलं तर गावाने दिलं नाही. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या पोटुशी असताना हिच्याकडे येत आलेल्या, मधेच कुणाचे दिवस भरले आणि ही जागेवर नसली तर काय करायचं! पूर्वी वाचलं तेव्हा मला ती भाबडी गोष्ट वाटली होती. आज वाटतं मी पण नसतं दिलं.

निघताना आईने काचेला हात लावला नाही, तिला कळतं, पण दोन बोटं आपल्या कपाळाला लावली आणि मग माझ्या पोटाला. काउंटरवरची बाई बघत होती, तिने मान हलवली.

येताना गाडीत कुणी फार बोललं नाही. सूर्यफुलांची शेतं होती दोन्ही बाजूंना, माना खाली घातलेली. घरी आल्यावर आईने मुगाची खिचडी टाकली, जेवणं झाली, मी पलंगावर आडवी झाले आणि ती पायाशी बसून माझ्या चादरीची घडी नीट करत होती, आणि एकदम म्हणाली, "झालं ना गं मग तिचं नीट? बाळ चांगलं होतं ना?"

मी तिच्याकडे बघितलं. आणि तिच्याच लक्षात आलं, ते बाळ कोण होतं आणि पुढे त्याचं काय झालं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग उठली, तेल कोमट करून आणलं आणि म्हणाली, "वळ बघू, कमरेला लावते."