हंड्याला पाडलेलं भोक

शनिवार, रात्री साडेअकरा

पाडलं एकदाचं भोक. दोन आठवडे टाळत होतो. दहा गॅलनचा, थेंबभरही न गळणारा स्टीलचा हंडा. त्याला आपल्याच हाताने भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं. बायकोने तर गॅरेजच्या दारात येऊन सरळ विचारलं, "अरे, चांगलं भांडं आहे, कशाला वाट लावतोस?"

कशाला, तर आकड्यासाठी. घरी बिअर करताना माल्ट (मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे) गरम पाण्यात भिजतो त्या तासाभरात सगळा खेळ दोन-चार अंशांचा असतो. 63-64 सेल्सियसला ठेवलं तर यीस्टला पचेल अशी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी, हलकी होते. 69-70ला गेलं की तीच अंगाने जड. हातातला थर्मामीटर बुडवायला दर वेळी झाकण उघडावं लागतं, म्हणजे मोजता मोजताच ऊब उडून जाते. म्हणून हंड्याच्या अंगातून आत जाणारी थर्मोवेल बसवायची. थर्मोवेल म्हणजे एका टोकाला बंद असलेली बारीक नळी. तापमान मोजणारा प्रोब तिच्यात कोरडाच राहतो.

पंचने खूण केली, आतून लाकडाचा ठोकळा धरला, तेलाचे थेंब सोडत ड्रिलचा पायऱ्यांचा बिट अगदी सावकाश फिरवला. स्टेनलेसला घाई चालत नाही. नुसतं घासत राहिलं की पत्रा आणखी कडक होतो आणि बिट बोथट. भोक 13/16 इंच. नळी धरणाऱ्या फिटिंगला म्हणायचं अर्धा इंच आणि बाहेरून मोजलं तर 21 मिलिमीटर! पाइपवाल्यांच्या अर्ध्या इंचाचं गणित मला अजून पटलेलं नाही.

पाणी भरलं. दहा मिनिटांत खाली थेंब. पाना घेऊन आवळलं. थेंब लवकर लवकर पडायला लागले. आणखी आवळलं, तर पाणी अडवणारी सिलिकॉनची रिंग वायसरच्या कडेतून जिभेसारखी बाहेर आली. दिवा घालवला.

रविवार

सगळं खोललं. रिंगला बारीक चीर. भोकाची बाहेरची कड मी कानशीने छान गुळगुळीत केली होती; आतल्या कडेवर बोट फिरवलं तर तिथे ब्लेडसारखी धार तशीच. रिंग नेमकी आतून बसते.

पण खरी चूक डोक्यात होती. पाण्याला बाहेर यायला दोन वाटा असतात: एक रिंग आणि पत्रा यांच्यामधून, दुसरी आट्यांवरून गोल गोल फिरत. मी फक्त पहिलीशी भांडत होतो. सपाट वायसरखाली रिंग जितकी दाबावी तितकी बाहेर पसरते, म्हणजे आट्यांपासून लांब जाते. मी आवळून आवळून दुसरी वाट मोकळी करत होतो. खाचेचा नट घेतला. खाचेत रिंगला पसरायला जागाच नाही, त्यामुळे ती पत्र्यावरही बसते आणि आट्यांतही. हंड्याच्या गोलाईचा फरकही तीच भरून काढते. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, तोही बाहेरच्या बाजूने. आतला नट धरून ठेवला, म्हणजे रिंगला पीळ बसत नाही.

थर्मोवेलचे आटे मात्र निमुळते, तिथे टेफ्लॉन टेप. आमच्या गावचा प्लंबर सुताचा दोरा गुंडाळून वर सफेदा फासायचा आणि "आता बघायला नको" म्हणायचा. त्याचा हात आठवत होता, पण सफेदा पोटात जाणाऱ्या वस्तूला नको.

बायको चहा घेऊन आली. "कुकरची रिंग बदलताना आपण पाना आणतो का?" एवढंच बोलून गेली.

जेवून आलो तर हंड्याला परत थेंब. धस्स झालं. मग दिसलं, थेंब फक्त नटाखाली नाहीत, पाण्याच्या पातळीपर्यंत चौफेर आहेत. न्यू जर्सीचा जुलै आणि नळाचं गार पाणी. हंड्याला घाम आला होता.

तरी गार पाण्यावर भरवसा नको म्हणून तासभर उकळलं. खाली पसरलेला कागद कोरडा. प्रोब मात्र 98.1च्या वर जाईना. आम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला राहतो, 100 यायला हवेत. प्रोब नळीच्या टोकाला टेकलाच नव्हता. आत सरकवला, 99.8.

उकळतं पाणी तांब्या-तांब्याने ड्राइव्हवेच्या भेगांतल्या गवतावर ओतलं. रिंगा तीनच्या पाकिटात येतात. उरलेली एक मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलीय, बायकोला अजून दिसलेली नाही.