पडद्यावरच्या घरांचे नकाशे : पावसाळ्यातली प्रगती

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमची संध्याकाळची फिरती बंद होते आणि वही उघडते. त्यामुळं पडद्यावरच्या जागांचे नकाशे काढायच्या माझ्या छंदाला जून ते सप्टेंबर सुगीच. मागच्या नोंदीपासून बरंच काम झालंय. काही नकाशे पूर्ण आहेत, काही अर्धे, आणि एक तर मी सोडूनच दिलाय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा, मालिका किंवा गेममधली जागा आलेख कागदावर उतरवायची. दार कुठं, जिना कुठं, खिडकीतून काय दिसतं, स्वयंपाकघरातून अंगणात जायला वाट कुठली. मी काही समीक्षक नाही. जेवताना टीव्ही बघणारा, सुट्टीला सिनेमा टाकणारा आणि रात्री तासभर गेम खेळणारा साधा माणूस आहे. मापाचं माझं गणित ठरलेलं आहे : दार सात फूट धरायचं, जुना वाडा असला तर खांब मोजून खण (दोन खांबांमधली जागा) काढायचे, आणि पात्राच्या पायाखाली चौकोनी फरशी दिसली तर देवच पावला.

आधी सोडून दिलेलं प्रकरण सांगतो. आई रोज रात्री एक मालिका बघते. नाव घेत नाही, कारण दुसरी घेतली तरी हेच लिहावं लागलं असतं. मोठं घर, मधे दिवाणखाना, दोन्हीकडून वर जाणारा जिना, कोपऱ्यात देवघर. कागदावर घेताना वाटलं, आठवड्यात संपेल. पण सून चहाचा ट्रे घेऊन कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून. देवघराच्या मागं एकदा अंगण दिसलं आणि नंतर तिथंच सासऱ्यांची खोली निघाली. जिना तर कुठंच पोचत नाही. वर गेलेलं माणूस पुढच्या दृश्यात खोलीत उभं असतं आणि मधला रस्ता कोणीच दाखवत नाही. मी रिमोट घेऊन थांबवून थांबवून बघतोय म्हटल्यावर आई वैतागली, "बघू दे की रं जरा! ती घर सोडून निघालीया आन् तुला दाराचं पडलंय!" तिचंही बरोबर. पण मला नेमकं तेच कळत नव्हतं, की ती निघाली ती कुठल्या दारानं?

आमच्या गल्लीत एक सुतारमामा आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी शूटिंगच्या सेटची कामं केलीत. त्यांना कागद दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो नीट बघितला आणि विचारलं, "चौथी भिंत कशाला काढलीस? तिथं कॅमेरं असत्यात." मी म्हटलं, मामा, मग सून स्वयंपाकघरात जाते म्हणजे जाते कुठं? "कुठं जातीया? प्लायवूडच्या मागं जाऊन खुर्चीवर बसतीया. स्वयंपाकघर असंल दुसऱ्याच शेडमदी."

रोज एक भाग द्यायचा तर दुसरं करणार तरी काय? एकाच सेटवर दोन-तीन कॅमेरे लावायचे, दिवे सगळीकडं सारखे पेटवून ठेवायचे, लागेल तशी भिंत सरकवायची. त्यामुळं सकाळ असो वा रात्र, दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून ऊन येतं. माझ्या नकाशात उत्तरेचा बाण काढायला जागाच उरली नाही. मला यात राग येण्यासारखं काही दिसत नाही, पण माझं लक्ष का उडतं याचं कारण मात्र इथं सापडलं. ज्या घरात कुणालाच कुठून कुठं जावं लागत नाही, तिथं दाराआड उभं राहून ऐकणारीची भीती वाटत नाही. ती ऐकणार हे आपल्याला पार्श्वसंगीतानं तीनदा सांगितलेलं असतं.

याच्या उलट 'तुझ्यात जीव रंगला'. 2016 ला सुरू झालेली ही मालिका इथं जवळच वसगड्याला खऱ्या वाड्यात चित्रित व्हायची. पुढं पुढं कथेनं किती पाणी घातलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दारातून आत, सोप्यावर, तिथून चौकात अशी माणसं चालायची आणि ती चाल लक्षात राहायची. लोक वाडा बघायला गाड्या करून गेले ते काही उगाच नाही. जागेची ओळख झालेली होती.

आता या पावसाळ्यातलं सगळ्यात समाधानाचं काम. हिचकॉकचा 'रिअर विंडो', 1954 चा. पाय प्लास्टरमध्ये असलेला फोटोग्राफर खिडकीत बसून समोरची घरं न्याहाळतो, आणि कॅमेरा जवळजवळ शेवटपर्यंत त्याची खोली सोडत नाही. हा सगळा चौक पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभा केलेला होता. एकतीस घरं! उंची पुरेना म्हणून स्टुडिओची जमीन उकरून चौकाचा तळ तळघराच्या पातळीला नेला. मालिकेसारखाच हाही सेटच, तोही लाकडाचाच. पण प्रत्येक खिडकी जिथल्या तिथं. नाचणारी मुलगी कुठं, पियानोवाला कुठं, कुत्र्याची टोपली कुठल्या मजल्यावरून खाली सोडतात, सगळं एका बैठकीत कागदावर आलं. घरांमधल्या एका फटीतून पलीकडचा रस्ता दिसतो, इतका अरुंद की माणूस दोन पावलांत त्यातून नाहीसा होतो. सिनेमातला सगळा संशय त्या फटीवर उभा आहे. ज्याच्यावर बायकोच्या खुनाचा संशय आहे तो समोरचा माणूस रात्री पेटी घेऊन निघाला हे आपण पाहिलं, पण तो गेला कुठं हे त्या फटीपलीकडचं. नकाशा काढल्यावर मला हे जास्त जाणवलं : दिग्दर्शकानं आधी सगळं दाखवलं, म्हणून न दाखवलेली जागा टोचते.

कुब्रिकच्या 'द शायनिंग'वर (1980), म्हणजे एका ओसाड हॉटेलात घडणाऱ्या भयपटावर, मात्र घाम निघाला. बाहेरून दिसणारं हॉटेल अमेरिकेतल्या ओरेगनमधलं, आणि आतलं सगळं इंग्लंडमध्ये एल्स्ट्रीच्या स्टुडिओत बांधलेलं. सुरुवातीला मॅनेजरच्या खोलीत मुलाखत होते, त्याच्या मागं खिडकी आहे आणि खिडकीत लख्ख दिवसाचा उजेड. पण तिथं पोचायचा रस्ता कागदावर घ्या. ती खोली इमारतीच्या पोटात येते, तिच्या मागून कॉरिडॉर जातो. तिथं खिडकी असूच शकत नाही! हे जाणूनबुजून केलेलं आहे, आणि बघताना आपण ते बोट ठेवून सांगू शकत नाही, नुसतं काहीतरी खुपत राहतं. मालिकेतलं घर आणि हे हॉटेल दोन्ही कागदावर बसत नाहीत, पण माझ्या हिशेबात दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथं हॉटेलात राहणाऱ्या पोराची तीनचाकी कॉरिडॉरमधून फिरते तेव्हा कॅमेरा तिच्या मागोमाग जातो; लाकडी जमिनीवर चाकांचा खडखडाट, गालिच्यावर आलं की एकदम शांत, पुन्हा खडखडाट. डोळे मिटून नुसत्या आवाजावर मी गालिचे कुठं कुठं आहेत ते मांडून घेतले. जो माणूस इतकी जागा उभी करतो त्यालाच ती बिघडवायचा हक्क.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (1957) तासाभरात आटपलं. एक टेबल, बारा खुर्च्या, खटल्याचा निकाल ठरवणारे पंच क्रमांकानुसार बसलेले. तरी त्यात गंमत आहे : सिनेमा पुढं सरकतो तशी कॅमेऱ्याची उंची खाली येत जाते आणि शेवटी शेवटी छत दिसायला लागतं. खोलीची मापं तीच, कोंडलेपण वाढलेलं. आपल्याकडं बासू चॅटर्जींनी याच गोष्टीवर 'एक रुका हुआ फैसला' केला त्यातली खोलीही घ्यायची आहे.

गेममध्ये दोन नोंदी. पहिली 'राजी', 2020 ची, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेली. भिंतींवरची चित्रं, कळसूत्री बाहुल्यांसारखी मधली दृश्यं, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून गोष्ट. दिसायला एक नंबर. भावाच्या शोधात निघालेली मुलगी मलाही पुढं ओढत राहिली. पण नकाशा म्हणाल तर नुसतं चऱ्हाट. पुढं जा, मारामारी करा, पुढं जा. मागं वळून "अरे, हे तर ते दार!" असं म्हणायची वेळ कुठंच येत नाही. आपल्या माणसांचा गेम म्हणून कौतुक आहेच, म्हणूनच हे सांगतोय.

ती वेळ ज्यात येते तो 2011 चा 'डार्क सोल्स'. नकाशा अजिबात देत नाही. तासन्‌तास मार खात वर वर चढत जाता, मग एका चर्चजवळ लिफ्ट सापडते, ती खाली उतरते आणि समोर फायरलिंक श्राइन, जिथून निघालो तेच ठिकाण. माझा कागद तिथं शब्दशः दुमडावा लागला.

आणि 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा, 2017 चा. हा तर आपल्या छंदावरच केल्यासारखा आहे. नवीन भागात शिरलं की नकाशा कोरा. आधी जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात, मग कुणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो. त्या आवाजाच्या मागावर गेलं की कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा भेटतो आणि अर्धवट काढलेला नकाशा विकतो. बाकीचा आपण फिरून भरायचा, त्यासाठी त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची, आणि तरीही बाकावर बसल्याशिवाय कागदावर काही उमटत नाही. आपण कुठं उभे आहोत ते दिसायलासुद्धा वेगळा ताईत लागतो. पुष्कळांना ही छळवणूक वाटते. मी तर मुद्दाम ताईत न लावता खेळलो आणि स्वतःचा कागद शेजारी ठेवला. सिटी ऑफ टिअर्सचा भाग छान उतरलाय, डीपनेस्टचा म्हणजे नुसता गुंता. त्या अंधारात खालून वर कुठली वाट जाते हे ज्यानं स्वच्छ काढलं असेल त्याला रंकाळ्यावर भेळ माझ्याकडून.

आता हातात 'कुंकू' आहे. 1937 चा, प्रभातचा, आपल्या कोल्हापूरच्याच शांतारामबापूंचा. कंपनी तोवर पुण्याला गेली होती. त्यात पार्श्वसंगीत नाही, घरातले नैसर्गिक आवाज तेवढे. भिंतीवरचं घड्याळ तर पात्रच झालंय. गालिच्यांवरून शिकलेली युक्ती इथं लावून बघतोय : टोले कुठल्या खोलीत मोठे ऐकू येतात, कुठल्या खोलीत बारीक. ध्वनिमुद्रणाचा काळ बघता यावर फार विसंबता येणार नाही. आरशाची भिंत आणि घड्याळाची भिंत समोरासमोर आहेत की काटकोनात, एवढ्यावर अडलंय. कुणी आधी काढलं असेल तर तेवढी एक बाजू कळवा, बाकीचं घर माझं मी बघतो.