ऑस्तिया आंतिका: समुद्र सोडून गेलेलं बंदर

रोममध्ये एक दिवस हाताशी असेल, तर ऑस्तिया आंतिका या प्राचीन रोमन शहराचे अवशेष पाहायला जा. मेट्रोने पिरामिदे स्टेशनला उतरायचं, शेजारच्याच पोर्ता सान पाओलोहून लोकल पकडायची. अर्ध्या तासात पोहोचता आणि शहरातलं साधं तिकीटच चालतं. स्टेशनसमोरचा पादचारी पूल ओलांडला की थोडं चालून प्रवेशद्वार. सोमवारी मात्र बंद.

टायबर नदीच्या मुखावरचं हे प्राचीन रोमचं बंदर. इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून येणारा गहू इथे उतरायचा. रंगमंदिरामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. प्रत्येकीच्या दाराशी काळ्या-पांढऱ्या खड्यांची नक्षी: गलबतं, दीपस्तंभ, धान्याची मापं. लिबियातल्या साब्राथाच्या पेढीपुढे चक्क हत्ती! पाटी वाचता न येणाऱ्या खलाशालाही पत्ता चुकायला नको. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच रेंगाळलो.

बहुतेक पर्यटक इथून माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका. पुढे ‘दियानाचं घर’ नावाच्या जुन्या इमारतीजवळ रोमन काळातली एक खानावळ आहे. संगमरवरी कट्टा, मागे मांडणी, भिंतीवर खाद्यपदार्थांचं रंगीत चित्र. गल्ल्यावर मालक तेवढा बसवायचा बाकी आहे. तसंच सरळ समुद्राकडच्या वेशीपर्यंत जा. वेशीबाहेर जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. पण वेशीपाशी पोहोचून समुद्र शोधाल तर दिसणार नाही. गाळ साचत किनारा तीनेक किलोमीटर मागे सरकलाय.

पॉम्पेई ज्वालामुखीच्या एका फटक्यात गेलं, ऑस्तिया हळूहळू झिजलं. नदीमुखाशी मोठी जहाजं लागेनात, म्हणून सम्राट क्लॉडियसने इ.स. ४२ मध्ये उत्तरेला पोर्तुस हे नवं बंदर बांधायला घेतलं. पुढे सम्राट ट्राजनने तिथे षटकोनी गोदी खोदली. व्यापार हळूहळू तिकडे सरकला. चौथ्या शतकात इथे श्रीमंतांचे वाडे उठत होते, पण बंदराची वर्दळ आटत चालली होती. मग हल्ले, हिवताप आणि दगड चोरणारे. १५५७ च्या पुरात तर नदीनेच पात्र बदललं.

फरसबंदी ओबडधोबड आहे, चपलांवर जाऊ नका. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, कारण पाइनची झाडं सोडली तर सावली कमीच. पोर्तुस फ्युमिचिनो विमानतळाजवळ आहे. त्यासाठी वेगळा वेळ काढा आणि उघडण्याचे दिवस आधी पाहून घ्या. तेवढी सवड नसेल तर विमानात खिडकीची जागा मागून घ्या. नशीब असेल तर ते षटकोनी तळं वरूनच दिसतं.