तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याला जड पाणी कशाला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा जाऊन तिथे चार मजली इमारत आली, पण गणपतीत खालच्या हॉलमध्ये आरतीला अजून सगळी बिऱ्हाडं जमतात. आरती झाली, प्रसादाच्या वाट्या फिरू लागल्या, की कुणीतरी मला गाठतं. "काका, तुम्ही हेवी वॉटर प्लांटमध्ये होतात ना? मग सांगा, जग साध्या पाण्यावर अणुवीज करतं, आपल्यालाच ते महागडं जड पाणी कशाला?" यंदा एका इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या पारुलबेननी. तेवढ्या गडबडीत उत्तर अर्धंच होतं. म्हणून सवडीने लिहितो आहे.

पारुलबेनच्या प्रश्नात एक वेगळीच गाठ होती, ती आधी सोडवतो. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्यालाही आपण जड पाणीच म्हणतो. ते क्षारांचं पाणी. आमचं जड पाणी दिसायला अगदी नितळ, प्यायच्या पाण्यासारखं. फरक असतो तो थेट हायड्रोजनच्या अणूत. साध्या हायड्रोजनच्या गाभ्यात एकटा प्रोटॉन असतो. ड्युटेरियमच्या गाभ्यात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉनही बसलेला असतो. त्यामुळे हे पाणी साध्या पाण्यापेक्षा दहा-अकरा टक्के वजनदार, आणि ते शून्याला नाही तर जवळजवळ 3.8 अंशाला गोठतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाला जातो. लॅबमध्ये नवा होतो तेव्हा एका वरिष्ठांनी तो टाकून दाखवला होता. बर्फाचा खडा काचेच्या ग्लासात सरळ खाली बुडाला, आणि माझ्या मनात या पाण्याबद्दल जे कुतूहल बसलं ते निवृत्तीनंतरही गेलेलं नाही.

नर्मदेच्या पाण्यातही हे असतंच, आमच्या सूरसागर तळ्याच्याही. पण सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचा एक. तो एकेक वेचून काढायचा, एवढंच आमचं काम होतं.

आता अणुभट्टीत त्याचा उपयोग काय? युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन फार वेगाने बाहेर पडतात. त्यांचा वेग उतरवला तर पुढचा अणू फुटायची शक्यता खूप वाढते. वेग उतरवायला हलक्या अणूंशी टकरा लागतात, कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर आपटून मंदावतो तशा. साधं पाणी हे काम झटपट करतं, पण त्यातला हायड्रोजन मधूनमधून न्यूट्रॉनच गिळून टाकतो. ड्युटेरियम जेवून आलेल्या पाहुण्यासारखा. त्याच्याकडे एक न्यूट्रॉन आधीच आहे, आणखी घेण्याची त्याला फारशी इच्छा नसते. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये फुटणारा यु-235 फक्त 0.7 टक्के असतो. साध्या पाण्याच्या भट्टीत एवढ्याने भागत नाही, तो साधारण 3 ते 5 टक्क्यांपर्यंत वाढवावा लागतो. त्याला समृद्धीकरण म्हणतात. जड पाण्यात मात्र खाणीतलं युरेनियम जसंच्या तसं चालतं.

म्हणजे पाण्याच्या भट्टीला दोनच वाटा. इंधन महाग करा किंवा पाणी महाग करा. कुणी कुठली वाट धरली हे त्या त्या देशाच्या घरात आधीच काय होतं यावर ठरलं, असं माझं ठाम मत आहे. यात विज्ञानाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे.

अमेरिकेकडे बॉम्बसाठी ओक रिजला उभे केलेले समृद्धीकरणाचे प्रचंड कारखाने होते. शिवाय ॲडमिरल रिकोव्हर यांना पाणबुडीत मावेल अशी आटोपशीर भट्टी हवी होती. त्या नौदलाच्या कामातून साध्या पाण्याची भट्टी पुढे आली आणि 1957 मध्ये शिपिंगपोर्टला जमिनीवर वीज देऊ लागली. पुढे जगाने बहुतांश हीच तऱ्हा उचलली, कारण विकायला तीच तयार होती. ब्रिटनने 1956 मध्ये काल्डर हॉल सुरू केलं ते न्यूट्रॉन मंदावणारं ग्रॅफाइट आणि उष्णता वाहणारा कार्बन डायऑक्साइड वायू यांवर, नैसर्गिक युरेनियम वापरून. त्याच भट्ट्यांतून त्यांना शस्त्रांसाठी प्लुटोनियमही हवं होतं. रशियाने 1954 मध्ये ओबनिन्स्कला 5 मेगावॉटची भट्टी ग्रिडला जोडली, ग्रॅफाइट आणि पाण्याच्या जोडीची. याच जोडीच्या वाढवलेल्या अवताराने 1986 मध्ये चेर्नोबिल घडवलं.

फ्रान्सचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्यांनीही सुरुवात नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइटने केली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. 1969 मध्ये तो बाजूला ठेवून त्यांनी अमेरिकी धाटणीची साध्या पाण्याची भट्टी घेतली. 1973 च्या तेलसंकटानंतर, 1974 मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांनी मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि फ्रान्सने एकाच घडणीच्या भट्ट्या ओळीने बांधल्या. आज त्यांची सुमारे दोन तृतीयांश वीज अणूतून येते. पण त्यासाठी त्यांना त्रिकास्तँला समृद्धीकरणाचा कारखाना उभारावा लागला, आणि तिथल्या चार अणुभट्ट्यांपैकी तिघींची वीज कित्येक वर्षं मुख्यतः तो कारखानाच खात होता. 2012 मध्ये जुनी पद्धत बंद करून कमी वीज खाणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं आली तेव्हा ही भूक ओसरली. साधं पाणी स्वस्त दिसतं, ते असं.

आणि जड पाणी? त्याची गोष्ट नॉर्वेतल्या खतापासून सुरू होते. व्हेमोर्कला धबधब्याच्या विजेवर पाण्याचं विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढत. ते करताना मागे राहिलेल्या पाण्यात ड्युटेरियम वाढत जातं. 1934 पासून तिथे जड पाणी विकायला निघू लागलं. 1940 मध्ये जर्मन सैन्य यायच्या थोडं आधी फ्रेंचांनी तिथला सुमारे 185 किलोचा साठा उचलला. हालबान आणि कोवार्स्की या दोन शास्त्रज्ञांनी तो ब्रिटनला नेला. पुढे हे संशोधन कॅनडात गेलं, आणि 1945 च्या सप्टेंबरमध्ये कोवार्स्कींच्या देखरेखीखाली चॉक रिव्हरला अमेरिकेबाहेरची पहिली अणुभट्टी चालू झाली, जड पाण्यावरची.

कॅनडाकडे युरेनियम भरपूर होतं, समृद्धीकरण नव्हतं. साध्या पाण्याच्या भट्टीला लागतं एवढं मोठं आणि जाड पोलादी भांडं घडवणारे कारखानेही त्यांच्याकडे त्या काळी नव्हते. म्हणून त्यांनी एका मोठ्या भांड्याऐवजी शेकडो अरुंद नळ्या वापरल्या, आणि प्रत्येक नळीत इंधन. या नळ्यांमुळे भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येतं. आपल्या कर्नाटकातल्या कैगाच्या पहिल्या भट्टीने 2018 च्या डिसेंबरअखेर सलग 962 दिवस चालून विक्रम केला, आणि तो नंतर कॅनडाच्या डार्लिंग्टनने 1,106 दिवसांनी मोडला. दोन्ही जड पाण्याच्याच. हे सांगताना मला आनंद होतो, तो लपवायचं कारण नाही.

भारताची स्थिती कॅनडाहून अवघड. समृद्धीकरण नाही, अवजड पोलादकाम नाही, आणि युरेनियमही थोडं, तेही जादूगुडासारख्या खाणींत कमी प्रतीचं. मुबलक होतं ते केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं थोरियम. होमी भाभांनी म्हणूनच तीन टप्प्यांचा विचार मांडला: आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवर वेगवान भट्ट्या, आणि शेवटी थोरियम. पहिल्या पायरीलाच जड पाणी लागत होतं.

सुरुवातीला ते आपल्याकडे फारसं नव्हतं. ट्रॉम्बेच्या सायरस या संशोधन भट्टीत 1960 मध्ये भरलं ते अमेरिकेतून आलेलं. 1962 मध्ये नांगलला खताच्या कारखान्याला जोडून पहिला प्रकल्प झाला, नॉर्वेच्याच पद्धतीने. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने भट्ट्या उभ्या राहत होत्या. मग मे 1974 मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली आणि कॅनडाने हात काढून घेतला. आराखडे अर्धवट, माणसं परत. बडोद्याला, तुतिकोरिनला, तालचेरला, कोट्याला जड पाण्याचे प्रकल्प तेव्हा हाती होते. ते पूर्ण करण्यावाचून पर्यायच उरला नाही. पुढे अलिबागजवळ थळ, हजिरा आणि मणुगुरू.

आमचा कारखाना छाणीच्या बाजूला, फर्टिलायझरच्या, म्हणजे खताच्या कारखान्याच्या कुशीत. बडोद्यात अजून लोक "फर्टिलायझर" एवढंच म्हणतात, पूर्ण नाव कुणी घेत नाही. अमोनियासाठी त्यांच्याकडे हायड्रोजन-नायट्रोजनचा वायू तयार होई. तो आमच्याकडे यायचा, उंच टॉवरमध्ये खालून वर जायचा, आणि वरून थंड द्रवरूप अमोनिया उतरायचा. त्या थंडीत ड्युटेरियमला वायूपेक्षा अमोनियात राहणं जास्त मानवतं, म्हणून ते वायू सोडून अमोनियात शिरतं. मात्र ही देवाणघेवाण आपोआप होत नाही, त्याला पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक लागतो, आणि तो इतका नाजूक की वायूत ओलावा किंवा ऑक्सिजनचा अंश आला तरी खराब होतो. ड्युटेरियम काढून घेतलेला वायू परत फर्टिलायझरला जाई, त्यांच्या युरियात काही कमी होत नसे. त्यांचा प्लांट थांबला की मात्र आमचाही थांबे. मी 1982 ला लागलो तेव्हा हे अवलंबून राहणं मला खटके. नंतर उमगलं की व्हेमोर्क ते नांगल ते बडोदा, खत आणि जड पाणी हे शेजार सगळीकडे असंच होतं. हायड्रोजन एवढ्या प्रमाणात दुसरं कोण हाताळणार?

माझं काम मास स्पेक्ट्रोमीटर या अणूंचं वजन ओळखणाऱ्या यंत्रावर नमुने तपासायचं. शेवटच्या टप्प्यावरचा शुद्धतेचा आकडा 99.8 टक्क्यांच्या खाली गेला तर तो माल भट्टीसाठी जायचा नाही. रात्रपाळीत पहाटे चारला हा आकडा वहीत लिहिताना हात कधी सैल पडू दिला नाही. बाजवा स्टेशनावरून गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे, तेवढीच सोबत.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पुढे विचारलं होतं, "मग यात वाईट काहीच नाही?" आहे. जड पाणी भट्टीत राहून राहून त्यातलं थोडं ड्युटेरियम ट्रिटियम बनतं. ते किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं. त्यामुळे गळतीचा थेंबही जपावा लागतो. शेकडो नळ्या म्हणजे शेकडो जोड, आणि तितक्याच जागा तपासायच्या. 11 मार्च 2016 ला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, गुजरातेतल्या काकरापारच्या पहिल्या भट्टीत एका नळीतून जड पाणी गळलं. भट्टी तत्काळ बंद झाली, नळ्या बदलल्या, आणि ती पुन्हा चालू व्हायला 2019 उजाडलं. शिवाय नळ्यांमधलं पाणी उकळून वाफ झाली तर या भट्टीची शक्ती थोडी वाढते. हा तिच्या घडणीतलाच दोष आहे, आणि म्हणून ती बंद करण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था ठेवलेल्या असतात. अणुवीज हवी म्हणणाऱ्याने या गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. कुणी विचारायची वाट बघू नये.

जर्मनीने 15 एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, ऑस्ट्रियाने तर 1978 च्या सार्वमतानंतर झ्वेन्टेनडॉर्फची बांधून तयार असलेली भट्टी कधी पेटवलीच नाही. तो त्यांचा निर्णय, आणि लोकांना विचारून घेतलेल्या ऑस्ट्रियाच्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या घरातलं सामान वेगळं.

साध्या पाण्याशी आपलं वैर नाही, हेही सांगतो. मुंबईला जाताना बोईसर लागतं ना, तिथून जवळच तारापूर. 1969 पासून तिथे अमेरिकी बनावटीच्या दोन साध्या पाण्याच्या भट्ट्या, आणि त्यांची वीज महाराष्ट्राइतकीच आपल्या गुजरातलाही. पण 1974 नंतर त्यांच्या समृद्ध इंधनासाठी आपल्याला कधी फ्रान्सकडे, कधी चीनकडे, कधी रशियाकडे जावं लागलं. रावतभाट्याच्या, कल्पाक्कमच्या जड पाण्याच्या भट्ट्यांवर तशी वेळ आली नाही. जड पाणी पुढे आपलं झालं, इंधन थोडं का होईना आपलं होतं. 2008 मध्ये अणुपुरवठादार देशांनी दार उघडल्यावर युरेनियम बाहेरून येऊ लागलं, पुढे कॅनडातूनही. आणि जड पाणी तर आपण दक्षिण कोरियाला निर्यात केलं. कुडनकुलमला रशियन बनावटीच्या साध्या पाण्याच्या मोठ्या भट्ट्या चालू आहेत, त्या जरूर चालाव्यात. मला फक्त एवढं वाटतं की पाहुण्याच्या भांड्यावर सगळा स्वयंपाक टाकू नये.

निवृत्तीनंतर एकदा व्याऱ्याला लग्नाला गेलो होतो. येताना नातीला काकरापारच्या बाजूने आणलं. 700 मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या तिथे आहेत, प्रत्येकीत 392 नळ्या. पहिली 2023 च्या जूनअखेर आणि दुसरी 2024 च्या मार्चअखेर व्यापारी उत्पादनात आली. लांबून घुमट दिसले. नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही केलेलं पाणी तर कधीच संपलं असेल ना?"

नाही. जड पाणी जळत नाही, खर्च होत नाही. किरकोळ घट सोडली तर तेच पाणी फिरत राहतं. त्यात साधं पाणी मिसळलं तर शुद्ध करून परत भरतात, आणि भट्टी बंद झाली तर दुसरीला देता येतं. 1985 च्या एखाद्या रात्रपाळीत मी 99.8 लिहून पास केलेल्या ड्रममधलं पाणी आज कुठल्या तरी भट्टीत फिरत असणार. कुठल्या, ते सांगता येणार नाही.