"ताई, आधी तुमचं घ्या"

पोषण माह आला की आम्हा अंगणवाडी सेविकांची लगबग विचारू नका. केशरी, पांढरं, हिरवं असं तिरंगी ताट मांडा, पालेभाज्यांची रांगोळी काढा, फोटो काढा, ॲपवर टाका. दोन वर्षांपूर्वी त्याच गडबडीत उपकेंद्राच्या सिस्टर किशोरींचं हिमोग्लोबिन तपासायला आल्या. आठवीतली एक पोट्टी सुई पाहूनच दाराबाहेर. "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होते," मी म्हटलं. ती तिथूनच म्हणाली, "मग ताई, आधी तुमचं घ्या."

घेतलं. मशीनवर आलं ८.६.

सिस्टरने दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे, हे मी अकरा वर्षं तक्त्यावर काडी ठेवून सांगत आले होते आणि तो तक्ता माझ्या डोक्यामागेच टांगलेला होता. पोट्टी गुपचूप येऊन बसली, बोट पुढे केलं. तिचं ११.४ निघालं.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. घरी पाच एकर वावर, कापूस आणि तूर. खायची ददात म्हणावी अशी कधी नव्हती. वावराकडच्या चढावर दम लागायचा, केस गळायचे, पण ते उन्हातान्हाचं आणि वयाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी आधी पाळी किती दिवस जाते ते विचारलं, जंताची गोळी कधी घेतली ते विचारलं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे, म्हणून त्याचीही तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटते का?"

मी गप्प. सुपात तांदूळ निवडायला बसले की मूठ-मूठ कच्चे तांदूळ तोंडात जायचे माझ्या. लहानपणापासूनची खोड म्हणायची मी त्याला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्यावर चिडायच्या, "अर्धे तर हेच खाऊन राहिली!" रक्त कमी असलं की अशी ओढ लागू शकते, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. अकरा वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये ते कानावरून गेलं असेलही, पण स्वतःला लावून कोण ऐकते!

"काल दिवसभरात काय खाल्लं ते सांगा," मॅडम म्हणाल्या. सकाळी चहा-टोस्ट. अंगणवाडीत अकराला मदतनीस ताईंनी केलेला चहा. तीन वाजता घरी येऊन उभ्या उभ्या सकाळची थंड पोळी, डब्याच्या तळाशी राहिलेली आलूची भाजी, वर चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर वरण-भात. वरणही नुसतं पाणी तेवढं. भाजी होती, पण ती पोरांच्या आणि ह्यांच्या ताटात संपली होती. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. पन्नास बायांना आहार शिकवणारी बाई स्वतः उरलंसुरलं खाऊन जगत होती, आणि त्यात मला काही चुकीचंही वाटत नव्हतं.

औषध म्हणून लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या. या पायरीवर नुसत्या भाजीपाल्याने भागणार नाही, गोळी घ्यावीच लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि मी काय केलं, तर पहिले आठ दिवस ती गोळी सकाळच्या चहासोबत घेतली! चहामुळे लोह अंगी लागत नाही, हेच वाक्य मी गरोदर मातांना सांगते. पुढे पोट साफ होईना, संडास काळी. घाबरून गोळीच बंद केली. काळी होणं साहजिक आहे, रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या, असं सिस्टरने सांगितल्यावर जमलं.

खाण्याचं मात्र एका दिवसात जमलं नाही. सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? भाजी निवडणं नाही, बसणं. सगळ्यांसोबत ताट घेऊन बसायचं. पहिल्या रात्री बसले तर पाठीत कसंतरीच वाटत होतं, कोणी काही मागितलं तर उठावं लागेल म्हणून अर्धवट उकिडवीच होते. ह्यांनी पाणी मागितलं. उठणार तेवढ्यात पोरगा उठला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी स्वतःचं ताट घेतलं नाही. त्या नंतरच जेवल्या.

मग माळ्यावरची लोखंडी कढई काढली. गंजलेली होती. राख आणि नारळाच्या शेंड्यांनी घासून, तेल लावून दोन दिवस ठेवली. पहिलीच अंबाडीची भाजी काळीकुट्ट झाली. पोरगी म्हणाली, "मी नाही खात डांबर." तिचंही बरोबर होतं. आंबट भाजी कढईतच ठेवून दिली की अशी गत होते. लोह उतरते, पण चवही धातूची लागते. आता शिजली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढते.

गुळाचा खडा आणि दोन खजूर खाल्ले की रक्त वाढते, हे मीही सांगायची. आता नाही सांगत. बाईला दिवसाला २९ मिलिग्राम लोह लागते असं आयसीएमआर, म्हणजे आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था म्हणते, आणि पुरुषाला १९. गुळाच्या एका खड्याने त्यातलं काय होणार! त्यापेक्षा मोड आलेले हरभरे आणि मटकी, शेवग्याचा पाला घातलेलं वरण, हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, वरून कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. आंबट सोबत असलं की पालेभाजीतलं लोह जास्त अंगी लागते. जाम, म्हणजे पेरू, तर आमच्या परसातच आहे, दुपारी एक खाते. पोट्टे झाडावर चढून पिकलेले नेतात, मला कच्चे उरतात, ते वेगळं.

आमच्याकडे बाजार गुरुवारचा. पालेभाजी शनिवारपर्यंत तग धरते, पुढे आलू आणि वांगे. एप्रिल-मे मध्ये तर पाल्याचं नाव नाही. म्हणून हिवाळ्यातच हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवते. आत्याबाईंच्या काळात प्रत्येक घरी हे व्हायचं, मीच आळस करून बंद केलं होतं.

उपवासाचं प्रकरण वेगळंच. सोमवार, चतुर्थी, त्यात श्रावण. दोन वेळ साबुदाणा, तोही शेंगदाण्याचं कूट कमी करून, कारण दाणे महाग. उपवास सोडले नाहीत. आता भगर, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकर करते. अंड्यांवरून मात्र घरात आठ दिवस अबोला होता. आत्याबाई माळकरी. शेवटी अंगणातल्या चुलीवर वेगळं पातेलं ठेवलं. त्या तिकडे पाठ करून बसतात.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला बाया मिळेनात, मी सुट्टीच्या दिवशी वावरात. महिनाभर सगळं बिघडलं, पुन्हा तीच थंड पोळी, तोच चहा. जानेवारीत तपासलं तर १०.१. मार्चमध्ये ११.२. १२ अजून पाहिलेलं नाही. चढावर मात्र आता थांबावं लागत नाही, आणि तांदूळ निवडताना हात तोंडाकडे जात नाही. हे आपोआप कधी थांबलं तेही लक्षात आलं नाही.

गेल्या सप्टेंबरात सिस्टर पुन्हा आल्या. आत्याबाई मला डबा द्यायला आल्या होत्या, दारातच टेकल्या. सिस्टरने सहज त्यांचंही बोट मागितलं. "मले काय झालं? मी तं धडधाकट हाये," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

७.९.

"मशीन बिघडली तुमची," त्या सिस्टरला म्हणाल्या. मग बराच वेळ बोटावरचा कापूस दाबून बसल्या. या वयात रक्त एवढं कमी का, हे तपासावं लागेल म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने दवाखान्यात गेलो. त्या रात्री मी ताटं मांडली तेव्हा त्यांचंही मांडलं. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. "लिंबू दे वं इकडं," म्हणाल्या.